घरपास

"काकू, बाबा निघालेत. अकरापर्यंत येतील," दैवशाला म्हणाली.

मी भाकरीचं पीठ मळत होते. "अगं, मग जेवायलाच आण की. आज मटकीची उसळ आहे. ठेचा वेगळा करते त्यांच्यासाठी, लातूरकडच्या माणसाला आपला ठेचा म्हणजे चटणीसुद्धा वाटत नाही."

"त्यांनी तुमचं ते वाचलंय."

त्यावर माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं, ते मला आज नऊ वर्षांनीही आठवतं. मी म्हटलं, "हो? आवडलं का?"

दैवशाला माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने ओट्यावरची लसणाची टोपली पुढ्यात ओढली आणि न सांगता पाकळ्या सोलायला बसली. घाईघाईत सालं कमी आणि लसूणच जास्त जात होता. मी तिला अडवलं नाही.

माझी खानावळ पुण्यात, नव्या पेठेत. तळमजल्यावर दोन खोल्या, सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर. आजूबाजूला सगळ्या अभ्यासिका. गावोगावची मुलंमुली सरकारी परीक्षांचा अभ्यास करायला येतात, एकेका खोलीत चार-चार कॉट टाकून राहतात आणि दोन वेळा माझ्याकडे जेवतात. दैवशाला केंद्रे त्यांतलीच. अहमदपूरची, पंचवीस वर्षांची, वडील एसटीत कंडक्टर. खिडकीजवळचं टेबल मुलींचं, आणि त्या टेबलावरचा सगळ्यात मोठा आवाज हिचा.

मी नववी नापास नाही. नववीत लग्न झालेली आहे. हा फरक मी सगळ्यांना आवर्जून सांगते. पुढचं शिक्षण झालं ते रद्दीवर. पोळ्या गुंडाळायला आणलेल्या जुन्या मासिकांतलं पान न पान वाचल्याशिवाय मी त्यात पोळी गुंडाळली नाही. वाचता वाचता लिहायची खोड लागली. आणि लिहिणार काय, तर वाढता वाढता कानावर पडेल ते. कॅलेंडरची पानं उलटली की त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पोरांचे शब्द लिहून ठेवायचे. शब्द, कोण म्हणालं, कधी म्हणालं.

दैवशाला माझी मास्तरीण. सुरुवातीला मी सरळ विचारायचे, "'विषय एंड' म्हणजे काय गं?" तर ती कपाळावर हात मारायची. "अर्थ काय विचारताव काकू, कधी म्हणतेत ते विचारा!" मग समजावून सांगायची. एखाद्याने भारी काम केलं की 'विषय एंड'. भांडण मिटवायचं असेल तरी 'विषय एंड'. पण मोठ्या माणसासमोर नाही, नाहीतर डोक्याला शॉट. 'पडीक' म्हणजे आळशी नव्हे, उलट जो सकाळी सहापासून अभ्यासिकेत असतो तो. 'भिंत' म्हणजे ज्याच्या परीक्षेच्या सगळ्या खेपा संपत आल्या, पण घरी जायचं धाडस होत नाही, आणि आता तो अभ्यासिकेचा भागच झालाय, असा. "पण हे त्याच्या तोंडावर नसतं म्हणायचं, काकू," ती म्हणाली होती. "त्याच्या माघारी बी हळूच म्हणायचं. आपण बी उद्या भिंत होऊ शकतोय ना."

'घरपास' मला तिच्याचकडून मिळाला.

त्या वर्षी जुलैत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, पास झालेल्यांच्या यादीची पीडीएफ मोबाइलवर आली. दुपारी तीनला, खानावळ बंद असताना, ती मागच्या दाराने आली आणि गार उसळ उभ्या उभ्या खायला लागली.

"किती मार्कांनी?" मी विचारलं. विचारायचा प्रश्न तोच उरतो.

"दोन."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तोंडातला घास गिळला, आवाज एकदम गोड केला आणि म्हणाली, "हो बाबा, निघाली! हो, खरंच! पेढे वाटा मग." फोन ठेवला, माझ्याकडे बघून हसली. "झाले मी पण घरपास."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे घरच्यांपुरती पास. बाबांनी दोन वर्षं दिलेली, ती संपली. नापास म्हणलं की उद्या बॅग भरायची, न् परवा पावणे बघायला. पूर्व निघाली म्हणलं की आणखी एक वर्ष भेटतंय. मग मुख्य परीक्षा अवघड गेली म्हणायचं, आणि तोवर पुढची पूर्व खरीखुरी काढायची. खरी निघाली की मागचं खोटं कुणाला कळतंय? आमच्या खोलीत चारजणी हायेत, त्यातल्या दोघी घरपास." मग ताटली धुता धुता म्हणाली, "हा शब्द नका लिहू हां काकू."

"नाही गं," मी म्हटलं.

संध्याकाळी जून महिन्याच्या पानामागे लिहून ठेवला. नुसता ठेवायचा म्हणून.

नोव्हेंबरात एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत माझा लेख आला. नव्या पेठेतल्या पोरांचे एक्केचाळीस शब्द, अर्थासकट, उदाहरणांसकट. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं, छाया दळवी. लेख पाठवताना माझ्याकडे चाळीस शब्द होते. चाळीसही पुष्कळ झाले असते. पण 'घरपास'सारखा दुसरा नव्हता त्यांत. कुणाचं नाव घातलं नाही, गाव घातलं नाही, म्हणजे झालं, असं मी स्वतःला सांगितलं. उलट त्या शब्दापुढे मी एक वाक्य जोडलं, त्याचा मला फार अभिमान होता: 'बापाला पीडीएफ उघडता येत नाही, तोवर लेक घरपास.' लोकांना तेच आवडलं. तेच मोबाइलवरून गावोगाव फिरलं. मी लेखाचं कात्रण प्लास्टिकमध्ये घालून बाहेरच्या खोलीत भिंतीवर, लोणच्याच्या बरणीच्या वरती लावून टाकलं.

लेख आल्यावर दैवशाला दोन दिवस जेवायला आली नव्हती. तिसऱ्या दिवशी आली, ती नेहमीसारखीच. मीही नेहमीसारखी वाढत राहिले. त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. त्या सकाळी पहिल्यांदाच.

"बाबांनी फोनवर काहीच नाही विचारलं," ती लसूण सोलत म्हणाली. "नुसतं म्हणाले, येतो. सुट्टी टाकून यायलेत. ते कधी सुट्टी नाही टाकत काकू. मला लई भ्या वाटायलंय."

"पण त्यात तुझं नाव कुठे आहे?"

"नाव नाही. पण त्यांना माहीतच नव्हतं ना, की असं काही असतंय. आता माहीत झालंय." तिने मान वर केली. "एकच करा. त्यांनी विचारलं, तर म्हणा तुम्ही मनानं बनवला शब्द. गंमत म्हणून. लेखक लोक बनवतेतच की. तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांचं समाधान होईल. छापलेल्यावर लई विश्वास आहे त्यांचा, आणि छापणाऱ्यावर त्याहून."

"सांगते," मी म्हटलं. "त्यात काय एवढं."

"शप्पथ?"

"अगं हो. शप्पथ."

तिने उठून माझ्या पिठाच्या हाताला मिठी मारली. मग दारातून बाहेर बघत म्हणाली, "ते भिंतीवरचं काढून ठेवायचं का आजच्या दिवस?"

मी कात्रणाकडे बघितलं. "आता काढलं तर भिंतीवर चौकोन दिसेल. उगाच संशय येतो." भिंत गेल्याच दिवाळीत रंगवलेली होती, चौकोन बिकोन काही दिसला नसता. ती "बरं" म्हणाली.

साडेदहाला करंबेळकर सर आले. सर मराठीचे निवृत्त शिक्षक. बायको गेल्यापासून माझ्याकडे जेवत आणि या मुलांना व्याकरण शिकवत. पुरवणीचे संपादक त्यांचे विद्यार्थी, माझा लेख तिथवर नेला तो सरांनीच. जेवणाची वेळ अकराची, पण सर अर्धा तास आधी येऊन पेपर वाचत बसायचे. त्या दिवशी पेपर न उघडता ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"छायाबाई, मोठी बातमी आहे. संपादक दर रविवारी सदर द्यायचं म्हणतात तुम्हाला. वर्षभर."

माझ्या हातून भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली.

"मात्र त्यांना एक शंका आहे. वाचकांची पत्रं आलीत, की हे शब्द खरे ऐकलेले की रचलेले? विशेषतः ते 'घरपास'. मलाही, खरं सांगू, तो रचलेला वाटतो. फार घाटदार आहे हो. पोरं इतका घाटदार शब्द करत नाहीत. तुम्ही रचला असलात तर वाईट काही नाही, पण मग सदर मिळायचं नाही. त्यांना ऐकलेलेच शब्द हवेत. मी आज दुपारी त्यांना काय कळवू?"

दैवशाला माझ्यामागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"दुपारी सांगते सर," मी म्हटलं. "जेवणं होऊ देत."

सर टेबलाकडे गेल्यावर ती कानाशी येऊन कुजबुजली, "काकू, बाबा गेल्यावर सरांना खरं सांगा की. बाबा दोनच्या गाडीनं परत जायलेत. सदर बी भेटेल, आणि माझं बी भागेल. सगळं सेट."

इतकं सोपं होतं. तीन तासांचा प्रश्न होता.

तुळशीराम केंद्रे अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. साठीला टेकलेले, अंगाने किरकोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. दारात उभं राहून त्यांनी आधी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, माणसं मोजावीत तशी. मग मला हात जोडले.

"नमस्कार ताई. दैवशालाच्या तोंडी सारकं तुमचंच नाव असतंय. काकूनं हे केलं, काकूनं ते केलं. पोरीला आईवानी बगितलं तुमी."

"बसा हो. प्रवास कसा झाला?"

"उभ्यानं न्हाई झाला, बसून झाला. सवय न्हाई," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

सरांच्या टेबलावर दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. बापलेक तिथे बसले. ओळखी झाल्या. केंद्रे सरांना 'गुर्जी' म्हणू लागले, आणि सरांना ते आवडलं. हळूहळू टेबलं भरली. खिडकीशी तिच्या खोलीतल्या मुली, पलीकडे चार-पाच मुलं. मी वाढत होते. केंद्र्यांनी भाकरी मोडली, ठेचा लावला, डोळे मिटून पहिला घास चावला.

"गावाकडची चव हाय ताई. पोरीची काळजी मिटली."

"घ्या ना अजून. दैवशाला, वाढ त्यांना, लाजतायत."

"मी कसा लाजतो? बत्तीस वर्षं समद्या ढाब्यांवर जेवलोय मी." मग त्यांची नजर भिंतीवर गेली. "ते तेच हाय का? तुमचं लिवलेलं?"

मी मान हलवली. दैवशालाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"लई भारी लिवलंय," केंद्रे म्हणाले. "आमच्या डेपोत पुतण्यानं मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवलं समद्यांना. ड्रायवर, मेकॅनिक, समदे हसून हसून लोळले. ते 'भिंत', ते 'पडीक'. मग ते 'घरपास' आलं." ते हसतच होते. "तर आमचा एक ड्रायवर म्हणाला, केंद्रे, तुजी पोरगी बी पुण्यातच हाय की. समदे हसले. मी बी हसलो. हसायचंच होतं ते." त्यांनी भाकरीचा तुकडा उसळीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "पण मग ते सारकं डोक्यात यायला लागलं. पीडीएफ. मला न्हाई उघडता येत ताई ते. मोबाइल हाय, पण ते उघडत न्हाई. आन् दुसऱ्याला उघडायला सांगावं, तर लेकीवर इस्वास न्हाई असं दिसतंय. मी गावात पेढे वाटलेत."

"बाबा, जेवा ना आधी," दैवशाला म्हणाली.

"जेवतोच हाय." ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. उलट आर्जव होतं, कुणीतरी आपली चूक काढावी असं. "म्हणून इचारतो ताई. असं कुणी करतंय का खरंच? का तुमी आपलं लिवायचं म्हणून लिवलंय?"

माझ्या हातात उसळीचा डाव होता. मी तोंड उघडलं होतं, ते 'लिहायचं म्हणून' हेच म्हणायला. देवाशपथ. शब्द अगदी जिभेवर होता.

पण माझ्याआधी सर बोलले. मोठ्याने हसून, केंद्र्यांच्या पाठीवर थाप मारून. "अहो केंद्रे, कसलं मनावर घेता! लेखकाला थोडं रचावंच लागतं. या आमच्या बाई आता लेखिका झाल्यात. नववी शिकलेल्या, पण कल्पनाशक्ती बघा. रचलेलं आहे ते. कोण असं बोलतं?"

केंद्र्यांचा चेहरा मोकळा झाला. खरोखर, समोर बघता बघता झाला. खांदे खाली आले. त्यांनी तो भिजलेला तुकडा तोंडात घातला. दैवशालाने डोळे मिटून घेतले. काम झालं होतं. मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. सरांच्या ताटात उसळ वाढून पुढच्या टेबलाकडे जायचं, एवढंच उरलं होतं.

"रचलेलं नाही," मी म्हटलं.

सगळी खोली ऐकेल एवढ्या मोठ्याने. मी बघत होते सरांकडे. केंद्र्यांकडे नाही, दैवशालाकडे तर नाहीच. "एकही शब्द रचलेला नाही सर. नववी शिकले असेन, पण मनचं घालून लोकांना फसवत नाही मी. याच खोलीत ऐकलेत सगळे. कोण बोललं, कुठल्या महिन्यात बोललं, माझ्याकडे लिहून आहे."

बोलताना मला किती बरं वाटलं, ते कसं सांगू. छाती भरून आली होती. सर म्हणाले, "अरे वा. मग तर प्रश्नच मिटला. आजच कळवतो."

आणि मग मला कळलं की खोलीत चमचाही वाजत नाहीये.

केंद्र्यांनी मान फिरवली. हळूहळू, एकेक टेबल बघत. खिडकीशी बसलेल्या मुलींनी माना ताटात घातल्या. पलीकडच्या पोरांनी घातल्या. सगळ्या खोलीत एकच मान वर होती, दैवशालाची. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. अनोळखी माणूस दारात उभा राहिला की बघतो ना आपण, कोण पाहिजे म्हणून, तशी.

केंद्र्यांनी ती कुणाकडे बघतेय ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत तिच्याकडे.

"मुख्य परीक्षा कधी हाय म्हणलीस?" त्यांनी विचारलं.

"बाबा..."

"डिसेंबरात म्हणलीस न्हव?"

आता तिनेही मान ताटात घातली.

"बरं," ते म्हणाले. "जेव."

त्यांनी स्वतः ताट स्वच्छ केलं. एक दाणा ठेवला नाही. दैवशालाही जेवली, त्यांनी सांगितलं म्हणून. मी ताकाची वाटी पुढे केली, तर केंद्र्यांनी "पुरे ताई" म्हणून हात आडवा केला, अगदी अदबीने. सर एव्हाना काहीतरी उमगून ताटातलं मीठ बोटाने सारखं करत होते.

हात धुऊन केंद्रे लेकीला म्हणाले, "जा, बॅग भर. दोनची गाडी हाय."

"बाबा, चार महिन्यांनी पूर्व आहे. दोन मार्कांनी गेली होती माझी. नुसते दोन."

"बॅग भर."

ती बाटली घ्यायला स्वयंपाकघरात आली. मी ओट्याशी उभी होते. मला वाटत होतं, तिने बोलावं. ओरडावं, शिव्या द्याव्यात, तिला येत होत्या त्या सगळ्या, मी त्यांतल्या कितीतरी लिहून घेतल्या होत्या. तिने बाटली भरली, झाकण लावलं, बोटाने फिरवून नीट बसलंय ना बघितलं.

"येते," म्हणाली.

केंद्रे दारात थांबले. मी कशीबशी म्हणाले, "भाऊ, पोर हुशार आहे हो. एक वर्ष..."

"हुशार हाय ते माहीत हाय मला," ते म्हणाले. "ताई, मी बत्तीस वर्षं लोकांची तोंडं बगून तिकीट इचारतोय. माज्या पोरीचं तोंड बगायचं राहिलं. तुमी लिवलं म्हणून कळलं. लई उपकार झाले." आणि त्यांनी हात जोडले. थट्टेने नाही. मनापासून.

ती पास झालीच असती असं मी म्हणत नाही. या गल्लीत दोन मार्कांनी गेलेल्यांची रांग लावली तर अलका चौकापर्यंत जाईल. पण ती चार महिन्यांनी परीक्षेला बसली असती. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं. पत्रिका आली, पाकिटावर केंद्र्यांच्या हातचं वळणदार अक्षर: 'सौ. छायाताई दळवी, लेखिका.' मी गेले नाही.

सदर सुरू झालं. पाच रविवार चाललं, साठवलेल्या पानांवर. मग शब्द संपले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी पाण्याचा जग घेऊन खिडकीजवळ गेले की टेबल थांबायचं. एखादी मुलगी म्हणायची, "काकू, भाजी रुचकर झाली आहे." दुसरी म्हणायची, "हो, अतिशय." पाठ वळली की पुन्हा हसणं, पुन्हा गलका, आणि त्यातलं मला काही समजायचं नाही. माझ्यासमोर कुणी 'गंडलं'सुद्धा म्हणेना. सर एकदा कौतुकाने म्हणाले, "काय हो छायाबाई, या बॅचची भाषा बरीच सुधारलेली दिसते." मी संपादकांना तब्येतीचं कारण कळवलं. भिंतीवरचं कात्रण मी दैवशाला गेली त्याच दुपारी काढलं होतं, काढून उपयोग नव्हता तेव्हा.

केंद्रे मात्र मला विसरले नाहीत. दर दिवाळीला पाडव्याच्या सकाळी त्यांचा फोन येतो. निवृत्त झाले, नातू झाला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं सांगतात. दर वर्षी शेवटी तेच म्हणतात, "तुमच्यामुळं लेकीचं येळेवर मार्गी लागलं बगा ताई." मी दर वर्षी "अहो, माझं काय त्यात" म्हणते आणि ते त्याला माझा मोठेपणा समजतात. खरं सांगायला मी किती वेळा तोंड उघडलं. पण काय सांगणार? तुमची लेक माझ्यावर विसंबली होती, आणि मी खोटं बोलायला कबूल झाले होते, हे? मग ते लेकीला पुन्हा एकदा माफ करायला बसणार, किंवा नाही करणार.

गेल्या पाडव्याला फोन आला, तेव्हा मागे लहान मुलाचा आवाज होता.

"दैवशाला आलीय दिवाळीला," केंद्रे म्हणाले. "थांबा, देतो. अगं, घे. पुण्याच्या काकू हायेत. घे की, बोल मोकळं."

फोन हातात बदलल्याचा आवाज झाला. मग नुसता श्वास. तो श्वास मी ओळखला.

"नमस्कार काकू. कशा आहात?"

"बरी आहे. तू कशी आहेस?"

"मी छान आहे. घरी सगळे बरे आहेत का? खानावळ व्यवस्थित सुरू आहे ना?"

एकेक शब्द स्वच्छ, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. पाहुण्यांसाठी कपाटातून काढतात त्या कपबशांसारखा. नऊ वर्षं मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, आणि आता हिच्या शेजारी बाप बसलेला आहे हे माहीत असूनही मला ते थांबवता आलं नाही.

"दैवशाला, मी त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं गं. सरांनी वाचवलं होतं तुला. मला फक्त गप्प बसायचं होतं."

पलीकडे मूल काहीतरी मागत होतं. केंद्रे त्याला "थांब, आई बोलायलीय" म्हणत होते.

"हो," ती म्हणाली. आणि जरा थांबून, त्याच स्वच्छ आवाजात, "तुम्हालाही दिवाळीच्या खूप शुभेच्छा, काकू. काळजी घ्या."

मग फोन पुन्हा केंद्र्यांकडे गेला. ते खूश होते.

"ऐकलं का ताई, कसं बोलती? आमच्यावानी न्हाई. पुण्याची भाषा लागली बगा तिला, तेवढं तरी पदरात पडलं."

"हो ना," मी म्हटलं.